आमच्या आंगणातल्या मॅचचं उद्घाटन

टीव्हीवरची मॅच पाहायला उद्घाटक लागत नाही, ही गोष्ट मला वयाच्या पन्नाशीनंतर कळली.

त्याआधी ती कळायला मला काही मार्गच नव्हता. मी लाखांदूर तालुक्यातल्या एका लहानशा गावचा माणूस. धानाची शेती करतो आणि गेली कित्येक वर्षं गावच्या नाट्य मंडळाचा सेक्रेटरी आहे. दिवाळी झाली, धान घरात आला की पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत गावोगावी नाटकं लागतात. पत्रिकेवर छापलेलं असतं, 'रात्री ठीक नऊ वाजता'. नऊ वाजता मंडपात फक्त कुत्री येतात. मग हळूहळू लोक आपापल्या बोऱ्या-चादरी घेऊन येतात. मग उद्घाटक येतात, सहउद्घाटक येतात, अध्यक्ष येतात, दीपप्रज्वलक येतात (हो, दिवा लावायला आमच्याकडे वेगळा माणूस असतो!) आणि मागून प्रमुख पाहुण्यांची अख्खी पंगत. प्रत्येकाला हार, प्रत्येकाला नारळ आणि प्रत्येकाचे 'दोन शब्द'. ते दोन-दोन शब्द संपले की मी शिट्टी मारतो, पडदा उघडतो आणि नाटक सुरू होतं. आजवर कोणी तक्रार केलेली नाही. ज्याचं नाव पत्रिकेत असतं तो भाषण करतो, ज्याचं नसतं तो एक झोप काढून घेतो.

अशा माणसाच्या पोटी देवानं कबड्डीपटू पोरगी घातली!

आचल. आमची एकुलती एक. तिला खेळाडू केलं ते शकुननं, म्हणजे माझ्या बायकोनं. पोरगी शाळेत असताना सरावाला तिला जोडीदार मिळेना, तेव्हा ही बाई पदर खोचून स्वतः उभी राहायची. आचल आईच्या पायाला पकड घालायची आणि दोघी मायलेकी खळ्यावरच्या तनसात, म्हणजे धानाच्या पेंढ्यात, धपकन पडायच्या. मी ओसरीवरून "सांभाळून वं!" म्हणायचो. पोरीच्या खेळात माझा वाटा तेवढाच.

एकदा नात्यातल्या एका बाईनं चारचौघींत विचारलं, "पोरीच्या जातीले कबड्डी कायले पाह्यजे वं, शकुन? उद्या टांगडी मोडली तं कोन करन तिले?"

शकुन भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुमच्या पोरीची टांगडी तं साबूत हाय नं? तिले तरी कुठं केलं आजून कोनी?"

त्यानंतर आमच्या नात्यात हा विषय कोणी काढला नाही.

पण गंमत पाहा. पोरीला घडवणाऱ्या या बाईनं पोरीची एकही मॅच पाहिली नव्हती. सामने साकोलीला असले की इकडे रोवणी, भंडाऱ्याला असले की कापणी. पोरगी ढाल घेऊन घरी यायची, आई ती पदरानं पुसून ठेवायची आणि विचारायची, "लागलं तं नाही नं कुठं?" पुढे आचल राज्याच्या मुलींच्या संघात गेली, सामने देशाच्या पार त्या टोकाला होऊ लागले, आणि मग तर पाहण्याचा प्रश्नच मिटला.

आणि गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी आचलचा फोन आला.

"बाबा! आमी फायनलमंदी गेलो! रविवारी चार वाजता हाय. टीव्हीवर दाखवनार हायेत! आईले सांगजा!"

आईला सांगायची गरजच नव्हती. ती माझ्या खांद्याला कान लावून उभी होती. फोन ठेवल्यावर शकुननं चुलीवरचं भांडं खाली उतरवलं. मग हात पुसत म्हणाली, "आचलचे बाबा, मी आजपर्यंत तुमाले काही मांगलं नाही."

(हे वाक्य मी लग्नापासून ऐकत आलो आहे. एकदा त्याच्या शेवटी मिक्सर निघाला होता. पण या वेळी तिचा आवाज वेगळा होता.)

"मले हे मॅच पाह्याची हाय. पह्यल्यापासून शेवटपर्यंत. समोर, खुर्चीवर बसून. मधात मले कोनी चहा मांगायचा नाही. बस."

"मंजूर!" मी म्हणालो. "सगळ्यात समोरची खुर्ची तुही!"

हे मी अगदी मनापासून बोललो होतो, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिला प्रश्न टीव्हीचा. आमच्या घरच्या टीव्हीत सगळी माणसं हिरवी दिसतात. मोबाइलचं म्हणाल, तर गावातून टॉवर छान दिसतो, नेटवर्क तेवढं येत नाही. म्हणून साकोलीला माझ्या साळ्याकडे भिंतीएवढा टीव्ही आहे, तो मागून आणायचं ठरलं. आणायला माझ्यासोबत डोमाजी आला. डोमाजी आमचा शेजारी आणि मंडळाचा पडदा ओढणारा. सेक्रेटरीची शिट्टी वाजली की दोरी ओढायची, नाही वाजली तर जग बुडालं तरी ओढायची नाही, एवढंच त्याचं काम. टीव्हीला तनसात गुंडाळून आम्ही पिकअपमध्ये ठेवला आणि डोमाजी साकोलीपासून घरापर्यंत त्याला मिठी मारून बसला.

टीव्ही उतरवल्यावर त्यानं विचारलं, "सेक्रेटरी, किती लोकं बलावले?"

"घरचेच. आजूबाजूचे चार जन."

डोमाजीनं हातातली वायर खाली ठेवली. "गावाची पोरगी देशात खेळून राहिली, आन् तुमी दार लावून पाहता? लोकं काय म्हनतीन?"

"बरं बाप्पा, गावाले बलावू."

"गावाले बलावलं तं सरपंचाले बलावा लागते."

"बलावू."

"सरपंच आला तं फुकट थोडी बसवता येते? त्याच्या हातानं उद्घाटन ठेवा."

"ठेवू."

"उद्घाटक ठेवला तं अध्यक्ष पाह्यजे. नाहीतं बरं नाही दिसत."

आता यात चुकीचं काय आहे, सांगा! एकेक पायरी बरोबरच होती. अध्यक्ष म्हणून आमचे रिटायर झालेले हेडमास्तर गुरुजी ठरले. गुरुजी आले म्हणून सोसायटीचे अध्यक्ष आले, ते आले म्हणून उपाध्यक्ष रुसले, उपाध्यक्षांना सहउद्घाटक केलं. दिवेलागणीपर्यंत आमच्या कबड्डीला दीपप्रज्वलकही मिळाला!

शकुन कमरेवर हात ठेवून हे सगळं ऐकत होती. "मॅच हाय का लगन हाय?"

"अवं, मानानं केलेलं बरं असते."

"मॅच चारले हाय. थे काही तुमच्या हारासाठी थांबनार नाही."

मी तिला समजावलं. इतकं नीट समजावलं की आज आठवलं तरी अंगावर काटा येतो. "शकुन, तुले कार्यक्रमाचा अनुभव नाही. आपल्या एवढ्याशा गावाच्या नाटकाले उद्घाटनात दोन-तीन घंटे जातात. थे तं राष्ट्रीय सामने! तिथं केवढे मोठे पाहुने असतीन! त्याहिचे हार, त्याहिचे भाषनं! चार लिहिलं म्हंजे साडेपाच धर."

शकुन म्हणाली, "आन् नाही झाले भाषनं तं?"

भाषणं न होता कार्यक्रम सुरू होईल ही कल्पनाच मला इतकी विनोदी वाटली की मी आणि डोमाजी दोघंही हसलो.

(मॅच म्हणजे पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये जराशी सुट्टी, हे आचलनं मला फोनवर सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. पण अर्ध्या तासात आटपणाऱ्या गोष्टीसाठी कोणी सतरंज्या अंथरतं का?)

रविवारी सकाळी घराला मंडपाची कळा आली. आंगण म्हणजे प्रेक्षागृह, ओसरी म्हणजे स्टेज. ओसरीत मागच्या भिंतीला टेबल लावून त्यावर टीव्ही. डोमाजी दूर उभा राहून डोळे बारीक करून म्हणाला, "काहीतरी कमी हाय."

"काय?"

"टीव्ही उघडाच हाय नं, सेक्रेटरी. लोकं आल्या आल्या पाहून घेतीन. मंग मजा काय राहिली?"

मला पटलं! लगेच मंडळाचा पडदा आणला, तोच तो निळा, मंडळाचं नाव लिहिलेला, आणि ओसरीच्या तोंडावर या खांबापासून त्या खांबापर्यंत बांधून टाकला. मंडळाचा भोंगा एकच. त्यात एक तर माईक बोलणार नाहीतर टीव्ही. तेव्हा टीव्हीचा आवाज बंद करून आधी माईक जोडला. शिट्टी झाली की पडदा उघडेल, माईक निघेल, टीव्ही जोडला जाईल. अशी चोख व्यवस्था मी उभ्या आयुष्यात केली नव्हती.

शकुन तिच्या परीनं तयारी करत होती. तिनं पहाटेच आंगण शेणानं सारवलं होतं. सारवण वाळल्यावर तिनं चुना घेतला आणि मधोमध कबड्डीचं मैदान आखलं. मधली रेषा, बोनसची रेषा, सगळं काही दोरी लावून, सरळ. काय देखणं दिसत होतं ते! मी तोंडभरून कौतुक केलं आणि त्यावर पाहुण्यांसाठी सतरंजी अंथरली.

तिनं सतरंजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

तिकडे रिक्षावर भोंगा बांधून आमचा नेहमीचा पुकारणारा आसपासच्या गावांतून फिरत होता. मी त्याला कागदावर सगळं लिहून दिलं होतं, पण वर्षानुवर्षांची जिभेची सवय! तो ओरडत होता, "या हो या! खास लोकाग्रहास्तव! हसवनारी, रडवनारी, काळजाले हात घालनारी, कौटुंबिक कबड्डी! सातच्या सात स्त्री पात्रांसहित!"

साडेतीनपर्यंत आंगण भरलं, तीन-पस्तीसला कुंपणावर माणसं चढली. सात स्त्री पात्रं म्हटल्यावर शेजारच्या दोन गावांतलीही मंडळी बोऱ्या घेऊन आली होती. काही जणांनी रात्री थंडी पडेल म्हणून कांबळीही आणली होती!

शकुन नवी मोरपंखी साडी नेसून, केसांत फूल माळून पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर बसली होती. मांडीवर हात ठेवून, अगदी ताठ. इतक्या वर्षांत मी तिला असं रिकाम्या हातानं बसलेलं पाहिलं नव्हतं. तेवढ्यात सरपंच आणि पाहुणे आले, आणि माझ्या लक्षात आलं की चहाचं कोणाला सांगितलंच नाही.

मी तिच्या कानाशी गेलो. "शकुन, उद्घाटकाले बिनाचहाचं कसं बसवाव? एवढा चहा ठेव नं. लगेच येजो."

"मी काय म्हनलं होतं तुमाले?"

"मॅचच्या मधात चहा नाही मांगायचा म्हनली होती. मॅच सुरू झाली का? नाही झाली." (वकील व्हायचा मी, बापानं धानात घातलं!)

शकुन उठली. डोमाजीची बायको काशीबाई आणि आणखी दोघी-चौघी तिच्यासोबत आत गेल्या. तिच्या खुर्चीवर सहउद्घाटक बसले.

चार वाजले. मी माईक हातात घेतला.

दीपप्रज्वलन झालं. वाऱ्यानं दिवा विझला, परत झालं. नारळ फुटला. सरपंचांना हार, गुरुजींना हार, सोसायटीला हार. सरपंच बोलायला उभे राहिले आणि गावातल्या नालीपासून सुरुवात करून कबड्डीपर्यंत यायला त्यांना बराच वळसा पडला. मग गुरुजी. गुरुजींनी आचलला पहिलीत अ आ ई कसं शिकवलं ते सांगितलं, आणि नमुना म्हणून अर्धी बाराखडी म्हणूनही दाखवली.

एवढ्यात पडद्याची कड हलली आणि शकुन चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. ट्रे सरपंचांपुढे ठेवून ती तडक माझ्याकडे आली आणि हळू आवाजात म्हणाली, "अवो, पोरी मैदानात उतरल्या. आचल दिसली. उघडा पडदा."

मी माईकवर हात ठेवला. "उतरल्या असतीन. आता पाहुने त्याहिच्याशी हात मिळवतीन, मंग भाषनं होतीन. मधात कसं सोडता येते? माहेच दोन शब्द राहिले हायेत."

"अवो, शिट्टी मारा. डोमाजी आयकून नाही राहिला. म्हनते, वैनी, शिट्टीबिगर दोरी ओढत नसतो मी."

"बरोबर हाय त्याचं," मी म्हणालो. "पाच मिनिटं थांब."

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा हार घालून बसलेल्या त्या रांगेकडे पाहिलं, आणि पडद्याआड निघून गेली. त्या बाईनं मला एक संधी दिली होती. दुसरी काही दिली नाही.

मग मी बोललो. वा! काय बोललो! आमच्या गावची हुतूतूची परंपरा, माझं बालपण, माझे ढोपर फुटलेले दिवस (खरं म्हणजे ते सायकलवरून पडून फुटले होते). "पोरीले घडवाले बापाचं काळीज लागते!" असं मी म्हणालो, आणि पडद्यामागून बायकांचा असा जल्लोष उठला की मीच दचकलो. "वा वं पोरी, वा!"

आमच्या घरातल्या बायकांनी माझ्या भाषणाला दाद दिली! मला भरून आलं. मी आवाज चढवला. बापानं पोरीसाठी काय काय सोसावं लागतं ते सांगू लागलो. पडद्यामागून आवाज आला, "अरे माय माय माय! आता कसं होईन वं!" बायकांचं मन हळवं असतं, मी अधिकच रंगलो. मागून कोणीतरी ओरडलं, "सेक्रेटरी, टीव्ही लावा नं बे!" मी हात दाखवून त्याला बसवलं. पडद्यामागे आता टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता होती. एवढ्या एकाग्रतेनं मला कोणी कधी ऐकलं नव्हतं. मग एकदम किंकाळी, ताटं बडवल्याचा आवाज, काशीबाईच्या तोंडून निघालेली लग्नातली हाळी! अशा टाळ्या पडत असताना थांबावं, हे कोणत्याही वक्त्याला कळतं. मी सगळ्या पाहुण्यांचे नावानिशी आभार मानले, "जय हिंद" म्हणालो आणि शिट्टी मारली.

पडदा सर्रकन उघडला.

समोर आमच्या ओसरीत बायकांच्या पाठींची रांग. त्यांच्यात एका हातात दोरी धरून उकिडवा बसलेला डोमाजी, डोळे पुसत. आणि त्यांच्या डोक्यांवरून टीव्हीत आमची आचल, दोन पोरींच्या खांद्यांवर, हातात भलामोठा कप.

सरपंचांनी गळ्यातला हार सारखा करत विचारलं, "सेक्रेटरी, सुरू कधी होते?"

"संपली," काशीबाई म्हणाली.

"मंग आता काय हाय?"

"आता तिथले भाषनं हायेत."

टीव्हीवर खरंच एक गृहस्थ माईक घेऊन उभे होते! त्या लोकांनी भाषणं शेवटी ठेवली होती. असा उफराटा कारभार मी जन्मात पाहिला नव्हता.

मग जे व्हायचं तेच झालं. मागून एक जण उठला, "आमाले भाषनं आयकाले बलावलं का?" दुसरा बोरी झटकू लागला. कोणी म्हणालं "सेक्रेटरीले उचला", आणि ते कपासारखं खांद्यावर उचलण्याबद्दल नव्हतं. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं. पण त्याहून वाईट एक गोष्ट होती. माझी पोरगी माझ्या पाठीमागे चार हातांवर देशाची फायनल खेळली, आणि मी तिच्याकडे पाठ करून उभा होतो. हे आत्ता माझ्या डोक्यात शिरलं.

तेवढ्यात कोणीतरी माझ्या हातातून माईक काढून घेतला. शकुननं.

ती आयुष्यात कधी माईकवर बोलली नव्हती. ग्रामसभेतही ती फक्त मान हलवते. डोळे रडून लाल झालेले, केसांतलं फूल कुठेतरी पडलेलं. म्हणाली, "बसा सारे. कोनी जाऊ नका. मी पाह्यली हाय, मी सांगते. सरपंचभाऊ, उठा थोडं. सतरंजी काढाची हाय."

सरपंच उठले! गुरुजी उठले, सोसायटी उठली, सहउद्घाटक तर खुर्ची घेऊनच उठले. सतरंजी निघाली आणि खाली तिनं आखलेलं मैदान जसंच्या तसं निघालं.

"काशी, तू इथं. तुमी दोघी त्या कोपऱ्यात. हे त्याहिच्या पोरी. आन् मी आचल."

तिनं माईक माझ्या हातात दिला, पदर खोचला आणि सुरू झाली. पहिल्या डावात आपल्या पोरींवर लोण कसा चढला. आचलला कोपऱ्यातल्या उंच पोरीनं दोनदा कसं धरलं. दुसऱ्या डावात ती बोनस घेऊन घेऊन कशी वर आली. शकुन सांगत होती, पळत होती, पडत होती, उठत होती. एका वेळी चढाई करणारीही तीच आणि "अरे माय, गेली!" म्हणणारीही तीच. बरोबरीचे गुण झाले आणि शेवटची चढाई आचलकडे आली म्हणाली, तेव्हा कुंपणावरचे लोक आपोआप खाली उतरून जवळ आले.

"कबड्डी कबड्डी कबड्डी..."

मोरपंखी साडीतली माझी बायको मधली रेषा ओलांडून गेली. काशीबाईला शिवली. तिघींनी मिळून तिचा पाय धरला (आणि धरला तो खरोखरचा धरला, काशीबाई काही हातची राखून ठेवणारी बाई नाही). शकुन सारवणावर आडवी पडली. दम न सोडता, एकेक वीत सरकत, हात लांबवत, लांबवत, बोटांची टोकं चुन्याच्या रेषेवर टेकवली.

आणि आंगण फुटलं! टोप्या उडाल्या, कांबळी उडाली, गुरुजी खुर्चीवर उभे राहून बाराखडीपेक्षा मोठ्यानं ओरडले. त्यांना मॅच पाहायला मिळाली नाही असं त्या गर्दीतल्या एकालाही आता वाटत नव्हतं. मी माईक धरून उभा होतो आणि रडत होतो. पंचवीस वर्षं मी गावोगावचे मोठमोठे कलाकार बोलावले, त्यांच्या मानधनासाठी भांडलो, पण आमच्या आंगणात त्या दिवशी जे झालं ते मला कधी कोणत्या मंडपात पाहायला मिळालं नाही. असली बाई माझ्या घरात इतकी वर्षं चहा करत होती!

लोक गेले नाहीत, तासभर तिच्याभोवती बसले. त्या दिवशी चहा मी केला. साखर विसरलो, पण कोणी काही बोललं नाही.

नेटवर्क कुठूनतरी सापडलं असावं, कारण अंधार पडता पडता आचलचा फोन आला. "बाबा! पाह्यलं नं तुमी? कसं वाटलं?"

मी तोंड उघडलं. माझ्या घशातून फक्त खरखर आवाज आला. शकुननं फोन घेतला.

"तुह्या बाबाचा घसा बसला, बेटा. पुरी मॅचभर वरडत होते. तुहंच नाव घेऊन. भोंगा लावून."

यातला एक शब्दही खोटा नव्हता. पलीकडून पोरीनं नाक ओढल्याचा आवाज आला. "बाबा, माह्यासाठी एवढं वरडले?" मी मान हलवली. फोनवर मान दिसत नाही, हे बरंच झालं.

पुढे आचल सुट्टीत घरी आली तेव्हा मॅचचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हमध्ये घेऊन आली. ते मी आता पुन्हा पुन्हा पाहतो. आमच्याच टीव्हीवर, हिरवं. शकुन बाजूला बसून सुपात तांदूळ पाखडत असते. पडद्याकडे पाहतही नाही, नुसत्या शिट्टीच्या आवाजावरून तिला कळतं कुठवर आलं ते.

"ह्या पोरी मैदानात उतरल्या. या वक्ती गुरुजी 'ढ' वर आले होते."

मी गप्प पाहतो.

"हा लोण बसला. या वक्ती तुमचे ढोपर फुटून राहिले होते."

मी गप्प पाहतो. मग शेवटची चढाई येते. तिघी पोरी आचलचा पाय धरतात. ती आडवी पडते, सरकते, हात लांबवते. निकाल पाठ आहे, तरी मी टीव्हीजवळ सरकतो. परवा मला राहवलं नाही. मी विचारलं, "शकुन, आन् या वक्ती मी काय करत होतो?"

शकुननं सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

"या वक्ती तुमी माईकवर म्हनून राहिले होते, 'मी आपला जास्त वेळ घेणार नाही.'"